मातीचं लुगडं

लुसीनं भांडीवालीला ओटीवर बसवलं तेव्हा केळीला नुकतंच पाणी सुटलं होतं, आणि भांडीवाली उठली तेव्हा देवळातली बाराची घंटा वाजून गेली होती. देऊळ म्हणजे चर्च. वसईतल्या सांडोर गावची माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मधल्या वेळात आळीतल्या बायका कामं टाकून बघून गेल्या. लुसीचा सौदा म्हणजे आळीला फुकटचा खेळ. पापडीच्या बाजारातले भाजीवाले तिला लांबून येताना बघितलं की भाव आधीच चढवून ठेवायचे, म्हणजे मग उतरायला जागा राहायची. लुसीला हे ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमानच होता.

तिची काटकसर काही सोपी नव्हती. बाजाराला ती जायची ती बाजार उठायच्या वेळी. अंडी घ्यायची ती तडकलेली, आणि अंडं फोडल्यावर कवचाच्या आतून बोट फिरवून उरलेला पांढरा बलक काढायची. डालड्याची पिशवी रिकामी झाली की ती उलटी करून मागून आणलेल्या केकच्या भांड्याला आतून पुसायची. केकमधले रंगीत तुकडे कुणी विकत आणावेत? कच्ची पपई परसातच लोंबत होती. ती बारीक चिरायची, साखरेत शिजवायची, थोडी लाल करायची, थोडी हिरवी. आळीतल्या पोरांना दुकानातली टुटीफ्रुटी आणि लुसीकाकीची पपई यांतला फरक आजतागायत कळलेला नाही.

नवरा सेबेस्टियन केळी आणि भाजीची वाडी करायचा. भाजी विकून येईल त्यात घर चालवायचं ते लुसीनंच, आणि ती चालवायची. पण एका गोष्टीत तिची मान खाली जायची. केकचं भांडं तिच्याकडे नव्हतं. दर नाताळाला शेजारच्या रोझमेरीकडे मागायला जावं लागायचं. रोझमेरी द्यायची, नाही म्हणायची नाही, पण देताना भांडं उन्हात धरून बघायची आणि म्हणायची, "गेल्या साली तळ जरा काळा करून दिला होतास गो." ते एक वाक्य लुसी वर्षभर गिळत राहायची.

म्हणून शहाण्णव साली नाताळाच्या महिनाभर आधी भांडीवालीच्या टोपलीत जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, केकचं भांडं दिसलं तेव्हा ते आपल्याच घरात यायला हवं असं लुसीला वाटलं. चांगलं मोठं, मधोमध नळी, वर घट्ट झाकण. तोंडावर मात्र तिनं काही दाखवलं नाही. ती आधी चहाची गाळणी बघत बसली, मग एक वाटी वाजवून बघितली.

"ह्ये मोठं भांडं कोन घेतंय म्हना. वजनाला हलकंच हाय," ती म्हणाली.

"हलका नाय बेन. बघ ना उचलून," भांडीवाली म्हणाली. गौरीबेन तिचं नाव. सातिवलीच्या कारखान्यांमागं राहायची, डोक्यावर टोपली घेऊन वसईभर फिरायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी द्यायची.

लुसीनं सेबेस्टियनच्या दोन पँटी काढल्या, मुलांचे आखूड झालेले युनिफॉर्म काढले, एक पडदा काढला. गौरीबेननं प्रत्येक कापड उजेडात धरलं आणि बाजूला टाकलं.

"इतक्यात वाटी येते. भांडा नाय येत."

"आगो, पँट बघ तरी. अजून वर्षभर कोनी घालील."

"मग तूच घाल ना बेन."

बायका हसल्या. लुसीही हसली, पण आता हटायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सासू कतरीनबाय वाडीत वालाच्या शेंगा तोडायला गेली होती. लुसी घरात गेली, माळ्यावर चढली. तिथं जुन्या कपड्यांची एक टोपली होती. टोपलीच्या तळाशी एक बोचकं होतं, विटलेल्या लाल लुगड्यात करकचून बांधलेलं. हे लुगडं तिनं सासूच्या अंगावर बघितलेलं होतं. त्याला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं हे शोधावं लागलं असतं. बोचकं जड होतं. आतही असलंच काहीतरी असणार, तिनं मनात म्हटलं, आणि गाठ न सोडता तसंच खाली आणून ओटीवर टाकलं.

गौरीबेननं बोचक्याची एक गाठ सैल केली, आत हात घातला. हात आतच राहिला. तिनं लुसीकडे बघितलं.

"ये पन देते? पूरा?"

"सगळं घे. सासूचं जुनं हाय. मोजत काय बसतेस?"

"घरात विचारलास?"

"घर माझंच हाय. कोनाला विचारू?"

मग गौरीबेन एक शब्द बोलली नाही. भांडं पुढं सरकवलं, वर न मागता चहाची गाळणी दिली, बोचकं टोपलीत घातलं आणि चालती झाली. लुसीला वाटलं, आपण जिंकलो. सांडोरात एवढ्या बायका होत्या, पण कुठल्या भांडीवालीला कुणी कधी असं गप केलं नव्हतं.

त्या भांड्यातला पहिला केक बघायला आळी जमली. रवा रात्रीच नारळाच्या दुधात भिजला होता. भुईगावच्या किनाऱ्यावरची वाळू मोठ्या टोपात घालून टोप चुलीवर ठेवला, वाळूत भांडं बसवलं, झाकणावर करवंट्यांचे निखारे. लुसी झाकण उघडून बघू देईना. वास ओटीपर्यंत आला, मग रस्त्यापर्यंत गेला. केक निघाला तो गोल, मधे भोक, अंगानं खरपूस, तळाला कुठंही काळा नाही. कतरीनबायनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "बरा फुगला गो." सासूच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

डिसेंबर लागला की आळीतल्या बायका नाताळचा फराळ एकमेकींकडे जमून करतात. आज हिच्याकडे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, उद्या तिच्याकडे कुलकुल. लुसीकडची पाळी आली तेव्हा ओटीवर दहाबारा जणी बसल्या होत्या. पिठाची बारकी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची की कुलकुल होतं. कतरीनबायचा हात सगळ्यांत भरभर चालायचा. लाल लुगडं गुडघ्यापर्यंत आवरून ती भिंतीला टेकून बसली होती.

रोझमेरीनंच विषय काढला. "भांडं मस्त मिळालं गो तुला. किती कपडे दिलेस?"

लुसी याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं हातातला काटा खाली ठेवला आणि सगळा सौदा करून दाखवला. गौरीबेन पँट कशी उजेडात धरते, नाक कसं मुरडते, सगळं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"मग मी काय केलं? माळ्यावरचं बोचकं आनून तिच्या पुढ्यात टाकलं. हात घातला नि वाचाच बसली तिची. एक शब्द नाय. भांडं दिलं, वर गाळणी दिली. अशी पळाली की परत माघारी बघितलं नाय."

कतरीनबायचा हात थांबला. काट्यावर गोळी तशीच चिकटून राहिली.

"कुठलं बोचकं?" तिनं विचारलं.

"टोपलीतलं हो आय. तुमचं ते ठिगळांचं लुगडं होतं ना, त्यात बांधलेलं."

"हां," कतरीनबाय म्हणाली. तिनं गोळी गुंडाळली आणि ताटात टाकली. "जुनंच होतं ते."

बायका पुढच्या विषयाला लागल्या. कतरीनबायचा हात पुन्हा चालू झाला होता, पण तिची कुलकुलं आता वाकडी होत होती, आणि हे लुसीनं बघितलं. म्हातारीचे डोळे गेले आता, तिनं मनात म्हटलं. इतकंच वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेबेस्टियन वाडीत पाटाचं पाणी वळवत होता. लुसी त्याचा चहा घेऊन गेली. जमीन ओली होती, पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

"आयनं यंदा तिचं लुगडं उन्हात घातलं नाय अजून. बरं नाय का तिला?" तो म्हणाला.

कुठलं लुगडं हे सांगायची गरज नव्हती. सांडोरातल्या जुन्या बायका आपल्या मातीचं लुगडं स्वतःच घेऊन ठेवतात. मेल्यावर शवपेटीत घालताना अंगावर काय असावं हे सुनांवर सोडायचं नसतं. कतरीनबायचं लुगडं कोरं होतं, हातमागाचं, लाल, मोठ्या काठाचं. तिनं ते स्वतःच्या कोंबड्यांची अंडी विकून घेतलं होतं आणि ज्यानं विणलं तो माणूस मागेच वारला होता. दर साली नाताळाच्या आधी ती ते कुंपणावर ऊन द्यायला पसरायची आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय लुगडं हाय गो काकी, तुला जायची घाई झाली की काय. कतरीनबाय हसायची.

"कपड्यांच्या पेटीत असेल. काढेल आज-उद्या," लुसी म्हणाली.

"पेटीत कुठं आता? जुलैत पेटीवर कौलं गळत होती. तू माहेरी होतीस बघ, तुझ्या भनीच्या पोराच्या बाप्तिस्म्याला. तेव्हा मीच माळ्यावर चढवलं. आय म्हनाली, माझ्या फाटक्या लुगड्यात बांध, म्हंजे चोर आला तरी हात लावायचा नाय."

लुसीनं कप बांधावर ठेवला. ती तशीच घराकडे वळली.

कतरीनबाय ओटीवर वाल सोलत बसली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "भाकर निवतेय, खाऊन घे." तिच्या आवाजात काही नव्हतं. लुसीला तिच्याकडे बघवेना. हिला कालच कळलं. दहाबारा जणी बसल्या होत्या, मी नाचून दाखवत होते, आणि हिला कळलं, आणि ही म्हणाली, जुनंच होतं ते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लुसी चुलीपाशी गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. रडताना आवाज होऊ नये एवढीच तिची धडपड होती.

तिनं सासूला सांगायला हवं होतं. तेव्हाच, वाल सोलताना. पण लाजेनं जीभ उचलेना. आधी लुगडं परत आणू, मग सांगू, असं तिनं ठरवलं. म्हणजे सांगायचं सोपं होईल.

ती एसटीनं स्टेशनला गेली, पूल ओलांडून पूर्वेला उतरली आणि सहा आसनी रिक्षात बसून सातिवलीला पोचली. पिशवीत ते भांडं होतं, घासून लखलखीत केलेलं. सातिवलीत हिरवं काही दिसेना. कारखान्यांच्या भिंती, गोडाऊनं, आणि त्यांच्या मागं चिंध्यांचे ढीग. बायका ढिगांवर बसून कपडे निवडत होत्या. सुती एकीकडे, टेरिकॉट एकीकडे. विचारत विचारत ती गौरीबेनपाशी गेली.

गौरीबेननं तिला लगेच ओळखलं. बसायला एक गाठोडं पुढं केलं.

"ते लाल लुगडं, कोरं. परत दे मला. हे घे तुझं भांडं. वर काय मागशील ते देते," लुसी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती समोरच्याला म्हणत होती, काय मागशील ते.

"ते गेलं बेन. त्याच आठवड्यात गेलं. मुंबईचा शेठ येतो माल बघायला, त्यानं उचललं. कापून पिशव्या बनवतात त्याच्या, मोठ्या दुकानात ठेवतात."

लुसी गाठोड्यावर बसली.

"मला ठाऊक नव्हतं आत काय हाय ते."

गौरीबेननं हातातलं कापड खाली ठेवलं. "मी विचारलं ना तुला. पूरा देते? घरात विचारलास? तू बोललीस, घर माझं हाय."

"मला वाटलं चिंध्याच हायत. पन तुला तर कळलं होतं. मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं तुला ठाऊक हाय." मग गौरीबेन सांगून टाकल्यासारखी म्हणाली, "आमच्या धंद्यात रोजचं हाय ते. सासू वाडीत जाते, सून मागून काढते. सासूचं शालू, सासूचं पितळ. मी तोंड नाय उघडत. अशा घरात मी भाव पन नाय करत बेन. देऊन टाकते आणि उठते. बसवत नाय मला."

ज्या गप्प बसण्याची गोष्ट लुसी आळीभर नाचून सांगत होती ते गप्प बसणं हे होतं. ही बाई हरली नव्हती. हिला किळस आली होती.

"मी तसली नाय," लुसी म्हणाली. पण ते इतक्या बारीक आवाजात निघालं की तिलाच खरं वाटलं नाही.

"नसशील," गौरीबेन म्हणाली. "भांडं घेऊन जा. वापरलेलं भांडं मी कोनाला देऊ?"

परतताना लुसी पापडीच्या बाजारात कापडवाल्याकडे शिरली. तो तिला ओळखून होता. ती लाल लुगडं मागू लागल्यावर त्यानं मान हलवली. तसलं लुगडं आता कोण विणतंय, मागणाऱ्या म्हाताऱ्याच राहिल्या नाहीत, तो म्हणाला, आणि लाल रंगाची एक मिलची साडी पुढं टाकली. लुसीनं साडीवरून हात फिरवला. सुळसुळीत होती. तिनं भाव न विचारताच ती परत ठेवली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली. कापडवाला तिच्या पाठीकडे बघत राहिला, हिला झालंय काय म्हणून.

त्यानंतरचे दिवस लुसीला फार जड गेले. कतरीनबाय होती तशीच होती. वाल सोलायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, दुपारी चहाबरोबर केकचा तुकडा खायची. ती तो केक खायची हेच लुसीला सहन होत नव्हतं. एकदा तिनं तुकडा द्यायचं टाळलं तर म्हातारीनंच विचारलं, "संपला का?" आणि लुसीला उठून आणून द्यावा लागला. दर सकाळी लुसी ठरवायची, आज सांगते. संध्याकाळी भाकऱ्या थापताना म्हणायची, उद्या. आळीतली एखादी पोरगी भांडं मागायला आली की लुसी तिला "घेऊन जा गो, ठेव तुझ्याकडंच" म्हणायची, आणि पोरीची आई ते परत आणून द्यायची. लुसी किती मोकळ्या हाताची झाली म्हणून आळी कौतुक करायची.

नाताळाच्या आदल्या शनिवारी दुपारी देवळात कुमसार होतं. नाताळाआधी पापं कबूल करून मोकळं व्हायचं, तेव्हा सगळं गाव येतं. रांग दारातून बाहेर अंगणापर्यंत आली होती. ऊन चांगलं तापलं होतं. कतरीनबाय लवकर येऊन रांगेत पुढं उभी होती. लुसी घरचं आवरून मागून आली आणि शेवटी उभी राहिली. तिला आत जायचंच नव्हतं. फादरपुढं हे बोलायचं, आणि ज्या सासूचं नुकसान केलं तिला न सांगता बोलायचं, हे तिला पटत नव्हतं. पण न यावं तर आळी विचारणार.

कतरीनबाय कुमसार करून बाहेर आली. अंगणातल्या चिंचेखाली रोझमेरी आणि तीन-चार जणी पारावर बसल्या होत्या. रांगेचं शेपूट त्यांच्याच पुढ्यात होतं.

"काकी, यंदा लुगडं ऊन खायला नाय काढलंस?" रोझमेरीनं विचारलं. "आमी वाट बघतो. आमच्या घरच्यांनी पन विचारलं, काकीचं लुगडं दिसलं नाय."

"दिलं मी ते," कतरीनबाय म्हणाली. अगदी सहज, पदरानं मान पुसत. "भांडीवालीला दिलं. कोरं कापड मातीत घालून काय करायचंय? आतल्या किड्यांना काय कळतंय हातमागाचं? घरात भांडं आलं. पोरं केक खातात, मी खाते. जिवंतपनी उपयोग झाला."

पारावरची एकजण म्हणाली, "बाई, केवढं मन."

"आन मला पेटीत घालताना असलं नसलं कायपन गुंडाळा. माझी तक्रार नाय."

"हे लुसीचं हां," रोझमेरी कौतुकानं म्हणाली. "सून काटकसरीची मिळाली नि सासूपन शिकली. आमच्या घरात बघा, म्हातारीनं एक तुटकी पळी सोडली नाय अजून. लुसी, तुझ्या हाताला येश हाय गो. सासूलासुद्धा वळन लावलंस."

सगळ्या लुसीकडे वळल्या. कौतुकानं बघत होत्या. मागच्या महिन्यात असं कुणी बघितलं असतं तर लुसीनं मान वर केली असती. आता तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"आयनं नाय दिलं," ती म्हणाली.

कतरीनबायनं तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. लुसी थांबली नाही. थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही हे तिला माहीत होतं.

"मी दिलं. त्यांना न विचारता. ते बोचकं होतं ना, मी सांगत होते तेच. त्यात होतं. मी सोडून बघितलं नाय. त्यांना कळलं तेव्हा तुमी सगळ्या बसल्या होतात नि मी नकला करत होते. भांडीवाली गप बसली ती मी सौदा केला म्हनून नाय. तिला वाटलं मी सासूचं चोरून विकते."

रांगेतली माणसंही वळून बघायला लागली होती. रोझमेरीनं पदर तोंडाला लावला. लुसी तशीच उभी राहिली, सगळ्या गावापुढं, हात लोंबकळत.

कतरीनबाय तिच्यापाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांत लुसीनं तिला रागावलेलं पहिल्यांदाच बघितलं.

"गप बसवत नाय तुला?"

"आय, मला राहवलं नाय."

"आत्ता कुमसार करून आले मी. आत्ता. पायरी उतरले नाय तोवर तुझ्यासाठी खोटं बोलले. या वयात. आन तू ते वाया घालवलंस."

लुसीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी लुगडं शोधलं आय. सातिवलीला गेले. पापडीत बघितलं. नाय मिळालं."

"मला ठाऊक हाय तू गेलीस ते. भांडं पिशवीत घालून कोन फिरतं?" कतरीनबायनं आवाज खाली आणला, आता फक्त लुसीला ऐकू जाईल एवढा. "लुगड्याचं सोड. मेल्यावर मला कुठं आरशात बघायचंय? तू गाठ सोडून बघितलं नायस, ते लागलं मला. म्हातारीच्या बोचक्यात चिंध्याशिवाय काय असनार, असं धरून चाललीस तू. मी अजून जिवंत असून मला विचारावंसं वाटलं नाय तुला."

लुसीनं मान हलवली, खालीच.

"रडू नको. लोक बघतात."

"बघू दे."

कतरीनबायनं रांगेकडे बघितलं. ती पुन्हा वाढली होती. मग कतरीनबाय गुमान जाऊन रांगेत उभी राहिली, कारण खोटं बोललेलं घेऊन नाताळाला कोण जाणार. लुसी तिच्या मागं उभी राहायला गेली. म्हातारीनं तिच्या दंडाला धरून तिला पुढं ओढलं.

"तू हो पुढं. तुझं मोठं हाय, वेळ लागंल. आन आत जाऊन फादरशी घासाघीस करू नको."

पारावर कुणीतरी हसलं.

लुसीनं घासाघीस केली नाही. आत जाऊन गुडघे टेकले आणि होतं तसं सगळं सांगितलं, गाळणीसकट. फादरनं ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या. लुसीला ते फार कमी वाटलं. एवढ्यावर सुटका होते हे तिच्या मनाला पटेना. आणखी काही सांगा फादर, ती म्हणाली, आणि मधल्या जाळीपाशी तशीच बसून राहिली. शेवटी रांगेतून कतरीनबाय मोठ्यानं खोकली तेव्हा कुठं ती उठली.